देऊन न सरणारे

गेल्या दिवाळीच्या सुटीआधीची गोष्ट. आमच्या विभागात नव्याने लागलेला एक तरुण प्राध्यापक भीतभीत माझ्यापुढे उभा राहिला. "सर, भाषाशास्त्राच्या टिपणांची तुमची वही चार दिवस मिळेल का?" "शोधावी लागेल हो!" मी म्हणालो. वही टेबलाच्या खणातच होती. पण वीस वर्षांची पुंजी अशी उचलून द्यायची कशी?

पाडव्याला शेजारचे सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक फराळाला आले. चकली मोडता मोडता ते आपल्या जिवाणूंच्या गोष्टी सांगू लागले. माणसाच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जिवाणू असतात. त्यांच्यातली भाऊबंदकी आपल्याला लाजवील! बेल्जियमच्या आंद्रे ग्रासिया यांना 1925 साली आढळले, की त्यांतला एक वाण असे विष तयार करतो, की त्याच जातीचा दुसरा वाण मरावा. या विषाला पुढे कोलिसिन हे नाव पडले.

विष करण्याची ही विद्या डीएनएच्या एका सुट्या, चिमुकल्या कड्यात असते. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. गंमत अशी, की विषाचा उताराही त्याच कड्यात! 1950 नंतरच्या दशकात पिअर फ्रेडेरिक यांनी दाखवून दिले, की ही विद्या एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. दोघे एकमेकांना बिलगतात, कड्याचा एक धागा पलीकडे सरकतो आणि दोन्हीकडे त्याचा जोडधागा नव्याने विणला जातो. देणाऱ्याचे कडे शाबूत, घेणाऱ्यालाही कडे! काल ज्या विषाने तो मेला असता, तेच आज त्याचे शस्त्र.

"आणि विष बाहेर सोडताना पुष्कळदा तो जिवाणू स्वतःच फुटून मरतो," ते म्हणाले. "विद्या मात्र दुसऱ्या घरी नांदत असते."

वाचकहो, या वाटेने भलतेही जाते. औषधांना दाद न देण्याची विद्याही हगवणीचे जंतू अशीच एकमेकांना देतात, हे 1959 साली जपानी संशोधकांनी दाखवले. डॉक्टरांची आजची मोठी चिंता तीच आहे. पण त्या दिवशी माझ्या मनात सलत होती ती खणातली वही. मी गेल्यावर ती रद्दीतच जायची ना?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या तरुणाच्या बिऱ्हाडी गेलो. सुटी संपल्यावर वही परत आली. समासात बारीक पेन्सिलीने माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या. थोडा राग आला, खोटे कशाला बोलू?

पण वही पुन्हा खणात ठेवली नाही.