जीन उघडा, पण इंजेक्शन कुठंय?

ऑफिसात कुणी 'डीएनए म्हणजे शेवटी कोडच' म्हटलं की मला चाकणची ती रात्र आठवते. सेकंड शिफ्ट करून येणाऱ्या मावसभावाला कुत्रं चावलं. पोटरीवर खोल जखम. दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत टोचायचं अँटिबॉडीचं इंजेक्शन 'संपलंय, बाहेरून आणा'. लशीमुळे शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवेपर्यंत आठवडाभर जातो. तोवर राखण हेच इंजेक्शन करतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तिसऱ्या मेडिकलात ते मिळालं.

हे औषध घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातून काढायचे, अजूनही काढतात. 2017 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'रॅबिशील्ड'ला परवाना मिळाला. त्यातली अँटिबॉडी मूळची सापडली ती माणसाचे अँटिबॉडी जीन बसवलेल्या उंदरांत.

आपल्या हेवी चेनचे जीन 14व्या क्रोमोसोमवर तुकड्यातुकड्यांत असतात. पेशी त्यातले व्ही, डी, जे तुकडे निवडून जोडते. हे जीन असे जुळतात हे दाखवणाऱ्या सुसुमू टोनेगावांना 1987 चं नोबेल मिळालं. चेनचं पुढचं टोक विषाणूला पकडतं, मागचा भाग ठरावीक साच्याचा. पुढचं बदला, मागचं तेच ठेवा. एकाच चासीवर टेम्पोही आणि स्कूलबसही, हे चाकणला शिकवायला नको.

म्हणजे जीन हा सुटा भाग आहे, मान्य. मग शॉपफ्लोअरचा नियमही माना: ड्रॉइंग म्हणजे पार्ट नव्हे. माणसाच्या या जीनची अक्षरं कुणीही फुकट डाउनलोड करू शकतं. पेशी वाढवायच्या टाक्या, शुद्धीकरण, तपासणी, थंड साखळी डाउनलोड होत नाही. 'कोड खुला केला की औषध स्वस्त' म्हणणाऱ्या माझ्या जातभाईंनी कधी कारखाना पाहिलेला नाही.

आणि कारखाना आपल्या दारात होता. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 ची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिलेली. इथल्या संशोधकांनी हॅमायसिन शोधलं. ते बनवणाऱ्या जंतूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिची देणी भागवायला जादा जमीन विकायचं ठरवलं.

कुणी म्हणेल, पेनिसिलिन वेगळं, अँटिबॉडी वेगळी. सस्तन प्राण्यांच्या पेशी नाजूक असतात. खरंय. पण 1954 मध्ये पेनिसिलिनही आपल्याला नवंच होतं. तेव्हा सरकारनं शिकून घेतलं, आता जमीन मोजतंय. खासगी कंपनीनं औषध बनवलं, तिचं काम झालं. रात्री दोन वाजता सरकारी फ्रीजमध्ये ते असणं हे सरकारचं काम. पुढच्या वेळी मत मागायला कुणी आलं, तर मी रस्त्याआधी त्या फ्रीजचं विचारणार आहे. तुम्हीही विचारा.