फुकट मिळणाऱ्या ज्ञानाची किंमत

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणकप्रणालीची नित्याची देखभाल थांबवली. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली आपल्याकडील असंख्य शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि घरे यांतील संगणकांवर बसलेली होती. कंपनीने काही अटींवर एका वर्षाची वाढीव मुदत देऊ केली हे खरे. पण मुदतवाढ म्हणजे काही उपाय नव्हे. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली साधारणतः २०१८ पूर्वीच्या यंत्रांना आपल्या दारात उभीही करीत नाही. त्या यंत्रांची चिप हळू चालते म्हणून नव्हे, तर सुरक्षेसाठी कंपनीने ठरवलेली विशिष्ट सामग्री त्यांच्यात नाही म्हणून. अशा रीतीने धडधाकट यंत्रे एका तारखेच्या बळावर म्हातारी ठरवली गेली आहेत.

या यंत्रांचे करायचे काय? ती भंगारात घालावीत आणि नवी घ्यावीत, असे दुकानदार सांगणारच. परंतु दुसराही एक मार्ग आहे आणि तो जुना आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकप्रणालीचा एक गाभा लिहून तो जगापुढे खुला ठेवला. त्याआधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प सोडला होता. या दोहोंच्या संगमातून जे उभे राहिले, त्याला आपण ‘लिनक्स’ म्हणतो. ते वापरावे, उघडून पाहावे, दुरुस्त करावे आणि शेजाऱ्यालाही द्यावे, अशी परवानगी त्याच्या सनदेतच लिहिलेली आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. अशा भूमीला या परवानगीचे मोल निराळे समजावून सांगायला नको.

पण परवानगी असणे निराळे आणि जमणे निराळे. बारा वर्षांच्या जुन्या यंत्रावर लिनक्स बसवायला बसलेल्या शिक्षकाला पहिल्याच तासात दहा प्रश्न पडतात. छपाईयंत्र ओळखले जात नाही, आवाज येत नाही, देवनागरी अक्षरे उमटत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर तर खारा वारा आणि चार महिन्यांचा ओलावा यांनी सुट्या भागांचे जोड गंजतात. तेव्हा दोष प्रणालीचा की यंत्राचा, हेच कळत नाही. स्मृतीची पट्टी काढून तिची टोके साध्या खोडरबराने हलकेच पुसली की मेलेले यंत्र कित्येकदा जिवंत होते. तारीख दर सकाळी मागे जात असेल, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. जुनी फिरती तबकडी काढून तिच्या जागी नवी स्थिर साठवण बसवली आणि थोडी स्मृती वाढवली, तर जुने यंत्र नव्या हुरुपाने धावू लागते. आणि काहीही पुसून न टाकता, केवळ पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधी पारख करता येते. हे ज्ञान कोणत्याही एका पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते कोणीतरी स्वतः हात काळे करून मिळवलेले असते आणि रात्री जागून इतरांसाठी लिहून ठेवलेले असते.

हा ‘कोणीतरी’ कोण, हे पाहायचे तर भोपाळचे उदाहरण आमच्यापुढे आहे. रविशंकर श्रीवास्तव हे ‘रवि रतलामी’ या नावाने हिंदी वाचकांस परिचित झालेले गृहस्थ. ते पेशाने अभियंते. मध्य प्रदेशच्या वीज मंडळात त्यांनी नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रतलामहून पुढे भोपाळला वस्ती केली. ‘इंडलिनक्स’ या स्वयंसेवकांच्या गटातून त्यांनी लिनक्सची ‘ग्नोम’ आणि ‘केडीई’ ही दोन्ही दर्शनी रूपे हिंदीत आणण्याचे काम केले आणि मग छत्तीसगढीकडेही तोच मोर्चा वळवला. ज्या बोलीत छापील पुस्तकेही थोडी, त्या बोलीत संगणकाचा पडदा बोलू लागला. या प्रणालीत हजारो लहानलहान वाक्ये असतात आणि प्रत्येकाला नेमका, आखूड, सर्वांस कळणारा प्रतिशब्द शोधावा लागतो. मराठीत ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, एवढ्या एका प्रश्नावर किती वाद होतात, हे या क्षेत्रातील लोक जाणतात. शिवाय मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली की नवी वाक्ये येतात आणि अनुवादकाची वारी पुन्हा सुरू होते.

भोपाळचे नाव निघाले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र आठवल्यावाचून राहत नाही. कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या हजारो माणसांना आपल्या शेजारी कोणते विष साठवले आहे आणि ते सुटलेच तर काय करावे, हे कोणी सांगितले नव्हते. त्या महासंहाराशी संगणकाची तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्या यंत्राच्या सावलीत आपण जगतो त्याची माहिती काही थोड्यांच्या कुलुपात असणे समाजाला परवडत नाही, एवढाच धडा त्या शहराने देशाला दिला. त्याच शहरात राहून एका निवृत्त अभियंत्याने लोकांच्या भाषेत यंत्राचे ज्ञान मोकळे केले, ही घटना आम्हांस लहान वाटत नाही.

मात्र अशा कामाचे नुसते गोडवे गाऊन आपण मोकळे होतो, हीच आमची तक्रार आहे. लिनक्स आणि संगणकसामग्री यांविषयी माहिती देणारे एखादे स्वयंसेवी संकेतस्थळ चालवणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनी करावा. नावनोंदणीचे आणि जागेचे पैसे दर वर्षी खिशातून भरावे लागतात. लिहिलेली प्रत्येक सूचना स्वतःच्या यंत्रावर पडताळून पाहावी लागते, कारण आज्ञेतील एक अक्षर चुकले तर वाचकाची सारी कागदपत्रे पुसली जाऊ शकतात. दोन वर्षांपूर्वीचा खरा सल्ला आज खोटा ठरतो, म्हणून जुने लेखनही पुन्हा तपासावे लागते. आणि ज्याचे काम झाले तो आभार न मानता निघून जातो. ज्याचे झाले नाही तो मात्र रागावून पत्र लिहितो. चालवणारा थकला, आजारी पडला वा निवर्तला, की एके दिवशी नोंदणीची मुदत सरते आणि वर्षांची पुंजी शांतपणे नाहीशी होते. ग्रंथालयाला आग लागली तर गाव धावते. येथे धूरही दिसत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०२४ च्या मार्च महिन्यात ‘एक्सझेड’ नावाच्या एका साध्या साधनात मागचे दार बसवल्याचे उघडकीस आले. माहिती दाबून लहान करणारे हे साधन लिनक्सबरोबर जगभर वापरले जाते. वर्षानुवर्षे ते प्रामुख्याने एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकलेला असताना मदतीच्या मिषाने एक अज्ञात इसम शिरला आणि त्याने विश्वास संपादन करून घात केला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून जग वाचले. एकट्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर किती मोठे ओझे आपण नकळत ठेवले आहे, हे त्या अर्ध्या सेकंदाने दाखवून दिले.

लिनक्स हा सर्व रोगांवरचा रामबाण आहे, असे आम्ही म्हणत नाही. व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवणारी प्रचलित साधने त्यावर सुखाने चालत नाहीत. वृत्तपत्रांची पाने जुळवणाऱ्या साधनांचीही तीच कथा आहे. परंतु शाळेतील मुलांना टंकलेखन, चित्रकला, गणित आणि प्रोग्राम लिहिणे शिकवण्यास ते भरपूर पुरे पडते. केरळने आपल्या सरकारी शाळांमध्ये गेली दोन दशके मुक्त प्रणाली चालवून हे सिद्ध केले आहे. गोव्यालाही हा विषय नवा नाही. या शतकाच्या आरंभी परदेशांत वापरून झालेले संगणक येथील शाळांत आणून त्यांवर लिनक्स बसवण्याचा उद्योग येथल्याच स्वयंसेवकांनी केला होता. केरळात सरकार पाठीशी उभे राहिले म्हणून ते काम रुजले. केवळ उत्साहावर सोडलेली कामे उत्साहाबरोबरच ओसरतात.

म्हणून काही गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही सुचवतो. शिक्षण खात्याने जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली चालते का, याची पारख सक्तीची करावी. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण यंत्र कचरा होऊच न देणे हाच सर्वांत स्वस्त नियम. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवा द्यावी लागते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांतील काही तास गावच्या शाळेतील यंत्रे दुरुस्त करण्यास आणि त्या दुरुस्तीची रीत मराठीत व कोंकणीत लिहून काढण्यास द्यावेत. १८३२ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने अशा स्वयंसेवी लेखनाच्या प्रती जतन कराव्यात, म्हणजे लिहिणारा गेला तरी लिहिलेले उरेल.

आणि वाचकांनी? ज्याच्या सल्ल्याने आपले यंत्र पुन्हा सुरू झाले त्याला चार ओळींचे पत्र पाठवावे, चूक आढळली तर सभ्यपणे कळवावी, जमल्यास वर्षाच्या खर्चाचा थोडा वाटा उचलावा. गावच्या विहिरीचे पाणी कोणी विकत घेत नसे. पण वर्षातून एकदा गाळ उपसायला सारा गाव उतरत असे. ज्ञानाच्या या नव्या विहिरीवर आपण सर्वजण घागर घेऊन उभे आहोत. गाळ काढायला मात्र एकटाच माणूस उतरलेला आहे आणि त्याचे वय होत चालले आहे.