पदवी हातात, रांग दहावीची

निकाल लागले की करिअर मेळाव्यांना ऊत येतो. व्यासपीठावरचा एखादा तरी पाहुणा पदवीधरांना ‘चार वर्षं देशाला द्या’ असं बजावतो आणि शाल-श्रीफळ घेऊन निघून जातो. या आठवड्यातही तेच झालं. सैन्यात जावं की नाही, या प्रश्नावर टाळ्या हमखास मिळतात, बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलाचा प्रश्न मात्र जायचं तर कोणत्या दारानं, हा असायला हवा. १६०० मीटर धावून अग्निवीर जनरल ड्यूटीला लागायचं तर दहावी पुरते. हातातल्या पदवीवर सीडीएस ही लष्करी अधिकारी निवडीची परीक्षा देऊन चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतही जाता येतं.

अग्निवीर भरतीच्या ‘अग्निपथ’ योजनेवर २०२२ मध्ये रान पेटलं ते मुख्यतः मुदत आणि पेन्शन यांवरून. गंमत अशी, की चेन्नईतून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशनही मुदतीचंच आहे: १० वर्षं, फार तर आणखी ४, आणि पेन्शन तिथेही नाही. म्हणून मुलगा बाहेर पडताना काय घेऊन पडतो, ते पाहावं. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरले, हातात २१,०००. कापलेल्या रकमेत सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख मिळतात. कायम होतो तो फार तर चौघांतला एक. दहावीवाल्याला बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र, बारावीवाल्याला इग्नूच्या पदवीची सोय. पदवीधराला काय? काही नाही, योजना आखणाऱ्यांनी त्याला हिशेबात धरलेलंच दिसत नाही. पंचविशीत तो परत येतो तेव्हा त्याची पदवी तेवढी चार वर्षांनी शिळी झालेली असते. चेन्नईत प्रशिक्षणातच महिना ५६,१०० विद्यावेतन आहे. तिथला मुलगा पस्तिशीच्या आसपास ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडतो, आणि दहा वर्षं माणसं सांभाळल्याचा अनुभव कुणी काढून घेत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: सीडीएस इंग्रजीवाल्या शहरी मुलांची. इंग्रजीचा पेपर आहे खरा, पण चेन्नईसाठी गणित नाही. इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचे प्रत्येकी १०० गुण, मुलाखतीचे २००. म्हणजे अर्धे गुण पाच दिवसांच्या एसएसबी मुलाखतीत, जिथे धूसर चित्रावरून गोष्ट लिहायची असते, फळ्या-दोर घेऊन गटानं अडथळा ओलांडायचा असतो. घोकंपट्टी तिथे चालत नाही. खेड्यातला मुलगा बोलायला बुजतो, ही अडचण खरी. त्यासाठीच नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य सरकार निवासी तयारी फुकट करून घेतं. जागा कमी, हा दुसरा आक्षेप. वर्षातून दोनदा, सीडीएसच्या सगळ्या अकादम्या मिळून साडेचारशेच्या आसपास, कमीच. पण स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची फी आणि मेसचं बिल वर्षानुवर्षं भरताना पालक जागा मोजतात का? सीडीएसचं वय तरी पंचविशीला संपतं, आणि न जमलेला मुलगा वेळेत दुसऱ्या कामाला लागतो.

यात जवानाला कमी लेखणं आलं, असंही कुणी म्हणेल. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या जवान दिले. तिथल्या दहावी झालेल्या पोरानं भरतीला उतरावं, यात त्याचा हिशेब चोख असू शकतो. पदवीधर त्याच्या रांगेत घुसला, तर जागा त्या पोराची जाते.