हप्ता नियमित, गाडी उभी

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी, माझा पुतण्या आणि सूनबाई असे तिघे त्यांच्या गाडीतून कोथरूडहून निघालो, द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत गेलो, चहा प्यायलो आणि परत आलो. पाऊस नव्हता, धबधबे नव्हते, चिक्कीसुद्धा घेतली नाही. आम्ही गेलो होतो गाडीतली काजळी जाळायला.

थट्टा नव्हे. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस ६’ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा एक फिल्टर आला. हवेच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट. पण अडवलेली काजळी कुठेतरी जायला हवी. ती फिल्टरमध्येच जळते, आणि त्यासाठी साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. मोकळ्या रस्त्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने पळाली, तर हे काम आपोआप होते, चालवणाऱ्याला कळतही नाही. आमचा पुतण्या मात्र रोज कोथरूडहून डेक्कनपलीकडच्या कचेरीत जातो. जायला नऊ किलोमीटर, यायला नऊ, मध्ये सिग्नल किती ते विचारू नका. काजळी पेटायची वेळ येते तोवर ऑफिस येते. मग डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. त्याच्याकडे दुर्लक्ष केले की इंजिन आपली ताकद आवरते आणि चढावर मागची रिक्षा हॉर्न वाजवू लागते. शिवाय, अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळणीत थोडे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नये.

वर्कशॉपवाल्यांनी दोनदा फिल्टर साफ करून दिला. तिसऱ्यांदा बदलावा लागेल म्हणाले. खर्चाचा अंदाज एक लाखाच्या वर.

आता कबुली द्यायला हवी. ही गाडी २०२२ साली पुतण्याने घेतली, ती माझ्या सल्ल्याने. “काका, तुम्ही बँकेत होतात, तुम्हीच सांगा,” असे तो म्हणाला आणि मी कागदावर दोन रेघा ओढून सांगितले, “डिझेलच घे, ॲव्हरेज बघ की!” माझ्या डोक्यात २०१२ चे गणित पक्के बसलेले होते. तेव्हा पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरला वीस-तीस रुपयांचे अंतर असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारने नियंत्रणातून सोडले आणि अंतर आकसत गेले. मारुतीने तर २०२० मध्ये डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. या सर्व बातम्या मी वाचल्या होत्या. पण पुतण्याला मी एक साधा प्रश्न विचारला नाही. तू दिवसाला किती किलोमीटर जातोस?

तो वर्षाला जेमतेम आठ हजार किलोमीटर जातो. पेट्रोलऐवजी डिझेल घेतल्याने त्याचे वर्षाला फार तर बावीस हजार रुपये वाचतात. डिझेलच्या गाडीला त्याने एक लाख चाळीस हजार जास्त मोजले होते. म्हणजे नुसती बरोबरी व्हायलाच सहा वर्षांच्या वर जाणार, आणि यात जादा रकमेवरचे व्याज धरलेले नाही. फिल्टरचा तर विषयच नको.

माझ्या स्वतःच्या गाडीची वही मात्र मी नेमाने लिहितो. पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार, २०१८ मध्ये निवृत्तीच्या पैशातून घेतली. विमा, नोंदणी वगैरे धरून सात लाख पडले. सात वर्षांत ५२ हजार किलोमीटर झाले. पेट्रोलला गेले तीन लाख तीस हजार. विमा अठ्ठ्याहत्तर हजार. सर्व्हिसिंग, चार टायर, दोन बॅटऱ्या, क्लच, सस्पेन्शनचे बुश, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, आणि एसीची कूलिंग कॉइल असे मिळून एक लाख एकतीस हजार. (उंदरांचे साडेनऊ हजार. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर माझ्यापेक्षा चांगल्या परिस्थितीत आहेत.) कूलिंग कॉइलची गंमत अशी की बिघाड एवढासा, एक बारीक गळती; पण तिथवर हात पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. बिलात मोठा आकडा त्या उतरवण्या-चढवण्याचाच होता. पूर्वीचा मेस्त्री बॉनेटला कान लावून दुखणे सांगायचा. आता आधी स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर दाखवतो तो भाग बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

या सगळ्यांहून मोठी रक्कम मात्र कोणत्याच बिलात नाही. आज या गाडीला दोन लाख नव्वद हजार येतात. म्हणजे चार लाख दहा हजार गेले कुठे? आम्ही बँकवाले याला घसारा म्हणतो. विमा कंपन्यांचे तर कोष्टकच ठरलेले असते. सहा महिन्यांनंतर पंधरा टक्के, आणि पाच वर्षे भरेपर्यंत पन्नास टक्के किंमत वजा. गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा. सगळे मिळून माझा खर्च किलोमीटरला सव्वाअठरा रुपये आला. त्यात पेट्रोल साडेसहासुद्धा नाही. आणि आपण चार माणसांत बसलो की ॲव्हरेजवर तासभर बोलतो.

हा घसारा, ही क्लच-टायरची बिले मी नोकरीत असताना कोणाला सांगितली का? नाही. २०११ साली मी सोलापूरकडच्या एका शाखेत होतो. एका शाळेतल्या लेखनिकाने मोटारीसाठी कर्ज मागितले. कागद चोख होते, मंजूर केले. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या गल्लीत गेलो, तर गाडी अंगणात कव्हर घालून उभी आणि बॉनेटवर कुरडया वाळत घातलेल्या. त्यांनी ओशाळून सांगितले, क्लच गेलाय, टायर गुळगुळीत झालेत, विमा भरायचा राहिलाय. आठ महिने झाले, गाडी हलली नाही. हप्ता? तो एकही चुकला नव्हता. पगारातूनच कापला जाई. आमच्या पुस्तकात ते उत्तम खाते होते. अर्जात पगाराचा रकाना होता, जामीनदाराचा होता, मार्जिनचा होता. गाडी चालती ठेवायला महिन्याला किती लागतील, याचा नव्हता. कर्जाच्या प्रस्तावावर सही माझी होती. ते गृहस्थ मला चहा पाजल्याशिवाय सोडेनात.

आज आठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता १२,८७१ रुपये बसतो. शोरूममध्ये हा आकडा लगेच सांगतात. माझे म्हणणे एवढेच की त्याच्या शेजारी दुसरा एक आकडा स्वतःच्या हाताने लिहावा. इंधन सोडून विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती यांसाठी माझ्या छोट्या गाडीला महिन्याला सरासरी अडीच हजार लागले. पहिली तीन वर्षे त्याहून बरेच कमी, नंतर बरेच जास्त. आणि हप्ते नेमके तेव्हाही चालूच असतात. मोठ्या गाडीला हा आकडा दुप्पट धरायला हरकत नाही.

पुतण्याने गाडी विकायचा विचार करून पाहिला. आलेल्या पैशातून कर्ज फेडले, तर हातात लाखभर उरतात. दुसऱ्या गाडीला ते पुरायचे नाहीत. तेव्हा तूर्त असे ठरले आहे की दर पंधरा दिवसांनी रविवारी लोणावळा. डिझेल त्याचे. टोल मी भरतो. सूनबाई म्हणाल्या, “काका, पुढच्या वेळी निदान कार्ल्याला तरी थांबू या.”