जुनी गाडी, नवे इंजिन आणि आपली फुप्फुसे

जुन्या फियाट, अॅम्बॅसॅडरची हौस पिंपरी-चिंचवड परिसरात पुष्कळांना आहे. मूळ इंजिन थकले की अलीकडच्या गाडीचे पेट्रोल इंजिन आणून बसवले जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र बाहेरच राहतो. ‘मूळ गाडीला तो नव्हताच, मग आता कशाला?’ असा युक्तिवाद होतो.

नव्हता हे खरे. नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ पासून, तोही आधी चार महानगरांतच. पण धूर गाडीच्या वयाचा नसतो, इंजिनाचा असतो. म्हणून ज्या इंजिनाला कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर होता, त्याच्यासोबत तो बसवलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला ना रंग, ना वास. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्या पोराचे आधी डोके दुखते, मळमळते, पुढे शुद्ध हरपते. नायट्रोजनची ऑक्साइडे दमेकऱ्याचा त्रास वाढवतात; पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत ती मोजलीच जात नाहीत. तेव्हा पीयूसी मिळाले म्हणजे धूर निर्धोक, असे समजू नका.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते. ती कराच. शिवाय मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज घेताना कन्व्हर्टरची किंमत त्यातच धरा. तेवढी ऐपत नसेल, तर जुनेच इंजिन दुरुस्त करून घ्यावे.