पोस्टात पोस्ट निघालीय, पोस्ट वाचलीत का?

पोस्टात पोस्ट निघालीय, त्याची पोस्ट ग्रुपवर पडलीय, आणि ती पोस्ट वाचून एक जण म्हणतोय, आधी पोस्ट ग्रॅज्युएशन होऊ दे, मग बघू.

हे वाक्य समजायला तुम्हाला किती वेळ लागला? अर्धा सेकंद. एकच शब्द पाच वेळा आला, चार वेगवेगळ्या अर्थांनी आला, आणि तुम्ही कुठेही अडखळला नाहीत. तरीही आपल्याकडे पेण-रोह्यापासून पार महाडपर्यंत, मराठी माध्यमातून आलेली पोरं पहिलं वाक्य काय बोलतात? ‘माझं इंग्लिश कच्चं आहे.’ इंटरव्ह्यूला जायच्या आधीच माघार. मला या कच्चेपणावरच शंका आहे. तुम्हाला शब्द येत नाहीत असं नाही, ते कुठून आले हे कुणी सांगितलेलं नाही, एवढंच. आपण शब्द पाठ करतो. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी, मध्ये रेघ. ‘पोस्ट म्हणजे टपाल’. संपलं. मग पेपरात गोलपोस्ट आलं की टपालाचा गोल कसा करायचा, हा प्रश्न पडतो.

तर आज या एकाच शब्दाची चौकशी करू. त्यासाठी आपल्याकडे एक गावही आहे. मुंबई-गोवा हायवेवर नागोठणं सोडून कोलाडकडे निघालात की मध्ये खांब लागतं. रोहा तालुक्यातलं गाव. त्याच्या नावाचं शब्दशः इंग्रजी करायला सांगितलं तर काय कराल? बरेच जण ‘पोल’ म्हणतील, ‘पिलर’ म्हणतील. पण ‘पोस्ट’ही बरोबर आहे. पोस्टचा इंग्रजीतला सर्वांत जुना अर्थ तोच, खांब. लॅटिनमध्ये ‘पोस्टिस’ म्हणजे दाराची उभी चौकट. त्यातल्या ‘स्ट’मध्ये आपल्या ‘स्था’चा, म्हणजे उभं राहण्याचाच धातू असावा, असं व्युत्पत्तीवाले मानतात. लॅम्प-पोस्ट, गोलपोस्ट, साइनपोस्ट हे सगळे या घराण्यातले.

आता गंमत बघा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जाहीर सूचना रस्त्यातल्या खांबांवर चिकटवायचे. खांबावर कागद लावणं म्हणजे ‘पोस्ट करणं’. त्यावरून जो कागद लावला तो ‘पोस्टर’. पुढे कागद भिंतीवर गेला, मग नोटीस बोर्डावर गेला, मग कॉम्प्युटरवरचे बोर्ड आले, त्यावर लोक मजकूर लावायला लागले, क्रियापद मात्र तेच राहिलं. तुम्ही इन्स्टावर जे टाकता त्या पोस्टचं मूळ टपालात कमी आणि खांबावर जास्त आहे, असं माझं मत आहे. फेसबुकने त्या जागेला ‘वॉल’ म्हटलं, ते काही उगाच नाही. आणि गावात आजही काय चालतं? विजेच्या खांबावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी सरपंचाचा फोटो, क्लासची जाहिरात. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं लंडन आपण अजून चालू ठेवलंय. फक्त लाइनमनच्या जिवावर बेततं ते, म्हणून ते बंद करा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा या दोन पोस्टचं नातं आपल्याला फार महागात पडून कळलं. खांब आडवे झाले, वीज गेली, टॉवर गप्प झाले, आणि दिवसच्या दिवस कुणाची पोस्ट कुणाला दिसेना.

आता दुसरं घराणं. टपालाचं पोस्ट. याचा खांबाशी काही संबंध नाही! दिसायला सारखे, पण वेगळ्या आईबापांचे. हे पोस्ट इटालियन ‘पोस्टा’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पोनेरे’, म्हणजे ठेवणं. काय ठेवलं? वाटेवर ठरावीक अंतराने माणसं आणि ताजे घोडे. एकाने पत्र इथपर्यंत आणायचं, पुढच्याने पुढे न्यायचं. म्हणजे पोस्ट हे आधी त्या टप्प्यावर नेमलेल्या घोडेस्वाराचं नाव, मग त्या टप्प्याचं, मग त्या सगळ्या व्यवस्थेचं, मग थैलीचं, पत्राचं, शेवटी ऑफिसचं. आपल्याकडे मुघलांच्या काळात हेच काम डाकचौकी करायची. ‘चौकी’ हा शब्द नीट बघा. माणूस नेमून ठेवलेली जागा. डाकचौकीतली चौकी, पोलीस चौकीतली चौकी आणि चेकपोस्टमधलं पोस्ट यांत काय फरक आहे? भाषा वेगळ्या, डोकं तेच.

आणि आपला ‘टपाल’? तो कुठून आला हे कुणाला धड सांगता आलेलं नाही. हॉब्सन-जॉब्सन नावाचा १८८६ सालचा प्रसिद्ध कोश आहे, हिंदुस्थानातल्या साहेबांच्या तोंडच्या शब्दांचा. त्यानेही मूळ अंधुक आहे म्हणून हात टेकले आणि दोन-चार तर्क नोंदवले. तेव्हा ‘पोस्ट परकं, टपाल आपलं’ असं छाती काढून सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

१८५४ साली देशभर चालणारे स्टॅम्प आले आणि अंतर कितीही असो, पत्राच्या वजनावर एकच दर ठरला. तिथून पोस्ट आपल्या पत्त्यात जाऊन बसलं ते आजतागायत. मु. पो. अमुक, ता. रोहा, जि. रायगड. या एका ओळीचं कधी पोस्टमार्टेम केलंय? ‘मुक्काम’ अरबी, उभं राहण्याची जागा. ‘पोस्ट’ लॅटिनमधून, ठेवण्याची जागा. ‘तालुका’ अरबी, त्याच्या मुळाशी संबंध, जोडलेलं असणं. ‘जिल्हा’ही अरबी, मूळ अर्थ बरगडी, बाजू. त्यापुढे रायगड, तेही १९८१ पासून, त्याआधी कुलाबा. आणि शेवटी पिन कोड. त्यातलं पहिलं अक्षर पुन्हा पोस्टलचंच. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. पेण-रोह्याचे पिन ४०२ ने सुरू होतात ना? त्यातला ४ पश्चिम विभागाचा. अर्जात हा पत्ता लिहिताना ज्यांना आपलं गाव लहान वाटतं, त्यांनी त्या ओळीत किती मुलुख मावलेत ते बघावं.

ज्यांच्या गावात पोस्ट नाही, ते ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगवेगळं लिहितात. मुक्काम एका गावी, पोस्ट दुसऱ्या गावी. शहरातल्या पोरांना हा फरक समजावून सांगावा लागतो. तुम्हाला नाही.

तिसरं पोस्ट म्हणजे नोकरीचं. हेही ‘पोनेरे’चंच पोर, पण इटालियन ‘पोस्टो’कडून आलेलं. आधी शिपायाला पहाऱ्यावर जिथे उभं केलं ती जागा. नंतर कुठल्याही कामावरची नेमणूक. फ्रेंचांनी हे दोन भाऊ ओळखू यावेत म्हणून लिंग वेगळं ठेवलंय. ‘ला पोस्त’ स्त्रीलिंगी, ते टपाल. ‘ल पोस्त’ पुल्लिंगी, ती नोकरीची जागा. ऐकून भारी वाटलं ना? मग हे ऐका. तुम्हीही तेच करता. ‘ते पोस्ट दुपारी बंद असतं’ म्हणता, आणि ‘ती पोस्ट डिलीट कर’ म्हणता. ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हणता, पण ‘तुझ्या पोस्टात कॉमेंट केली’ म्हणत नाही, ‘पोस्टवर’ म्हणता. टपालाचं पोस्ट जुनं, मराठीत मुरलेलं, म्हणून घर-घरात, दार-दारात तसं पोस्ट-पोस्टात. इन्स्टाची पोस्ट कालची पाहुणी, तिचं सामान्यरूप अजून व्हायचंय. हे व्याकरण तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ज्याला हे आपोआप जमतं त्याची भाषेची जाण कच्ची कशी?

या तिसऱ्या पोस्टपाशी जरा थांबू, कारण तुमच्यातल्या अनेकांचं आयुष्य सध्या तिथेच थांबलंय. अभ्यासिकांमधली भाषा मला ठाऊक आहे. ‘त्याने पोस्ट काढली.’ ‘तिच्या हातात दोन पोस्ट आहेत.’ ‘तो पोस्ट होल्डर आहे.’ जणू पोस्ट ही विहिरीतून काढायची किंवा खिशात ठेवायची वस्तू आहे. मुळात अर्थ उलटा आहे. पोस्ट माणसाकडे नसते, माणूस पोस्टवर असतो. त्याला तिथे कुणीतरी ठेवलेलं असतं, काहीतरी राखायला. शब्द असा उलटा फिरला यात पोरांची चूक नाही. जागा इतक्या थोड्या आणि रांग इतकी लांब असेल तर नेमणुकीचं बक्षीस होणारच. पण जो पोस्टला बक्षीस समजून खुर्चीवर बसतो, त्याच्या टेबलापुढे तुमच्या-माझ्या आईवडिलांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किती खेपा घातल्यात, हे आठवून बघा.

रोह्याने या शब्दाचा जुना अर्थ जगलेला माणूस पाहिलाय. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी त्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पहारा ज्याच्यासाठी करायचा तेच जात असेल, तर पोस्ट धरून बसण्यात काय राम? एवढा मान असलेली पोस्ट सोडणं सोपं नसतं.

चौथं पोस्ट स्वतंत्र शब्दच नाही. ते शब्दाला पुढून चिकटतं आणि अर्थ ‘नंतर’. पोस्टमार्टेम, मृत्यूनंतरचं. पोस्टपेड, वापरल्यानंतर भरायचं. पी.एम.मधला पी हाच, मध्यान्हानंतर. पत्राखाली इंग्रजीत पी. एस. लिहितात, लिहून झाल्यानंतरचं. आपण तिथे ‘ता. क.’ लिहितो, ताजा कलम, ते फारसी वळणाचं आणि मला विचाराल तर जास्त देखणं. पोस्ट ग्रॅज्युएटला आपण पदव्युत्तर म्हणतो. पदवी अधिक उत्तर, आणि उत्तर म्हणजे नंतर. सुटा करून पाहिला की हा शब्द परीक्षेत चुकत नाही.

शब्दांच्या मुळांची आवड लागली की एक धोकाही असतो, तो सांगायला हवा. ग्रुपवर अधूनमधून एक फॉरवर्ड येतोच. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. खोटं. न्यूज हे ‘न्यू’चंच रूप, नव्या गोष्टी. तसंच दिवाळीत पोस्टमनकाका पोस्त मागतात, म्हणून पोस्त हा शब्द पोस्टावरून आला, असंही कुणी ठोकून देईल. ऐकायला किती बरोबर वाटतं! पण पोस्त परीटही मागत आला आणि वॉचमनही. शब्द फारसीकडून आलेला, अफूच्या बोंडालाही पोस्त म्हणत. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. जुने कोश काय म्हणतात, तो शब्द आधी कुणासाठी वापरायचे, हे विचारल्याशिवाय फॉरवर्ड करू नका. या असल्या व्युत्पत्त्यांवर लाइक्स फार मिळतात, हीच त्यांची एकमेव पात्रता.

आणि हो, ‘पोस्टपोन’ राहिलंच. आपला सर्वांचा लाडका शब्द, निदान परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. त्यात चौथं ‘नंतर’वालं पोस्ट पुढे आहे आणि ‘पोनेरे’ मागे. नंतर ठेवणं. आपण भारतीयांनी त्याच साच्यात ‘प्रीपोन’ चालवलं. इंग्लंडमधल्या माणसाला ते खटकतं आणि आपल्याकडचे काही सर त्यावर हसतात. हसू देत. साचा लॅटिन, बांधणी नियमाप्रमाणे, गरज खरी. परीक्षा अलीकडे आणली तर दुसरं काय म्हणायचं?

पोस्टपोनचा अर्थ आपल्या भागात कोशात बघायची गरज नाही. याच खांबवरून जाणारा हायवे, पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर, २०११ साली रुंदीकरणाला घेतला. तो पूर्ण व्हायच्या तारखा किती वेळा पुढे ठेवल्या गेल्या ते कॉलेजला एसटीने येणाऱ्यांना विचारा. एसटी खड्ड्यात हळू झाली की शब्द जुळवायला वेळच वेळ मिळतो. खांब आला संस्कृत ‘स्कंभ’वरून. थांबणं आलं ‘स्तंभ’वरून. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, आधार, टेकू. वर्तमानपत्रातल्या रकान्यालाही स्तंभच म्हणतात, आणि इंग्रजीतलं ‘कॉलम’ही मुळात दगडी खांबच. म्हणजे आत्ता तुम्ही जे वाचताय तेही खांबावर लावलेलं एक पोस्टरच म्हणायचं.