पेट्रोलचे माप आणि उष्णतेचा हिशेब

नवी मोटार दारात उभी राहिली की पेढ्यांच्या पाठोपाठ येणारा पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा असतो. आणि मध्यमवर्गीय संसाराच्या जमाखर्चात इंधनाने जी जागा व्यापली आहे ती पाहता हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर शोधताना मात्र आपण एका मूलभूत गोष्टीकडे दुर्लक्ष करतो. पंपावर आपण पैसे मोजतो ते लिटरचे, म्हणजे आकारमानाचे. गाडी चालते ती त्या लिटरमध्ये साठलेल्या उष्णतेवर. आणि त्या उष्णतेतून निर्माण झालेल्या शक्तीचा काही भाग चाकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच इंजिनातील घर्षण गिळून टाकते. ह्या तीन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे ग्राहक जिथे पैसे राखू शकतो तिथे ते घालवतो, आणि जिथे त्याला सवलत मागण्याचा हक्क आहे तिथे मौन बाळगतो.

प्रथम महाग पेट्रोलचा विचार करू. साध्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे काही रुपये जास्त दराचे पेट्रोल बहुतेक मोठ्या पंपांवर मिळते, आणि डिसेंबर २०२० पासून तर १०० ऑक्टेनचे पेट्रोलही निवडक शहरांत उपलब्ध झाले आहे. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा तितके पेट्रोल दमदार, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी ती चुकीची आहे. हवा आणि पेट्रोल ह्यांचे मिश्रण सिलिंडरात दाबले जात असता, प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच ते आपणहून भडकू पाहते, आणि त्या अकाली भडक्याने इंजिन ‘ठोकू’ लागते. ह्या प्रवृत्तीला पेट्रोल किती विरोध करते एवढेच तो आकडा सांगतो, उष्णतेविषयी तो काहीच सांगत नाही. (हे ठोकणे थांबवण्यासाठी १९२१ साली थॉमस मिजली ह्या अमेरिकन अभियंत्याने पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय शोधला, आणि त्या उपायाचे विष पुढे कित्येक दशके जगभरच्या हवेत पसरत राहिले, भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली.) ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते, किंवा ज्याला टर्बोची जोड आहे आणि ज्याच्या पुस्तिकेत उच्च ऑक्टेनची शिफारस आहे, त्याला ते पेट्रोल अवश्य द्यावे, न दिल्यास गाडीतील संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि शक्ती व अ‍ॅव्हरेज दोन्ही घटतात. परंतु ९१ ऑक्टेनसाठी बांधलेल्या साध्या गाडीला १०० ऑक्टेनच्या पेट्रोलाने लाभ व्हावा अशी तजवीज तिच्या रचनेतच नसते, आणि म्हणून तिच्या मालकाने दिलेले जादा पैसे बहुतांशी वाया जातात.

तेलाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष फारच कमी जाते. इंजिन ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे जे आकडे असतात त्यांतील पहिला, ज्याच्यापुढील अक्षर हिवाळ्याचा निर्देश करते, तेल थंड असताना ते किती सहज वाहते हे दर्शवतो, आणि दुसरा, इंजिन पुरते तापल्यावर त्याचा दाटपणा किती राहतो हे सांगतो. ‘आपल्याकडे ऊन फार, पातळ तेल टिकणार नाही, जाडच घाला’ हा सल्ला गॅरेजात सर्रास ऐकू येतो. तो देणारा माणूस बहुधा प्रामाणिक असतो, कारण जुन्या, सैल जुळणीच्या इंजिनांवर त्याचा हात बसलेला असतो आणि तिथे तो सल्ला खराही होता. परंतु आजच्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि शीतकद्रव्य ९० अंशांच्या आसपास राखून ठेवतात, मग बाहेर महाबळेश्वरचा गारठा असो की चंद्रपूरचा मे महिना असो. शिवाय त्यातील तेलाच्या वाटा अशा अरुंद असतात की जाड तेल त्यांतून वेळेवर पोहोचतच नाही. जाड तेल ढवळण्यात इंजिनाची जी शक्ती खर्ची पडते ती पेट्रोलातूनच येते. ५डब्ल्यू-३० साठी बांधलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातल्यास अ‍ॅव्हरेज एक ते दोन टक्क्यांनी घटू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने नागरिकांना दिलेल्या माहितीत नमूद आहे. आणि दूध, भाजी, शाळा अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत, जिथे तेल तापण्याआधीच गाडी पुन्हा उभी राहते, तिथे थंड तेलाचा हा भार सर्वांत अधिक जाणवतो. अर्थात पुस्तिकेने मुभा दिलेली नसता अधिक पातळ तेल घालणे हाही तितकाच अविचार आहे, कारण मग धातू धातूवर घासू लागतो.

आता इथेनॉलकडे वळू, जिथे तफावत सर्वांत मोठी असून तिचा दोष मात्र ग्राहकाकडे जात नाही. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली ज्या ठिकाणी झाले त्यांत मिरज आणि मनमाड ही आपली दोन गावे होती, ही गोष्ट उसाच्या प्रदेशात स्मरणात राहावी. पुढे वीस टक्क्यांचे जे लक्ष्य २०३० साठी ठरले होते ते २०२५ मध्येच गाठले गेले. परदेशी तेलावरील अवलंबित्व कमी होणे आणि साखर कारखान्यांमार्फत शेतकऱ्याच्या हाती पैसा येणे ही दोन्ही उद्दिष्टे मला मनापासून मान्य आहेत. परंतु एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते आणि एक लिटर इथेनॉलात सुमारे २१, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी, हे सत्य कोणत्याही धोरणाने बदलत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन उच्च असल्यामुळे, त्यासाठीच जुळवलेले इंजिन ह्या घटीचा बराच भाग भरून काढते. जुन्या गाडीला ते साधत नाही. नीती आयोगाच्या समितीने २०२१ च्या आपल्या अहवालात, वीस टक्के इथेनॉलमुळे जुन्या रचनेच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी, आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचे एक ते दोन टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या आणि लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीला साडेपंचावन्न लिटर पेट्रोल लागते. सहा टक्के घट धरली तर तेच ५९ लिटरांवर जाते. हे साडेतीन लिटर कोणाच्या खात्यावर पडावेत?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच समितीने देऊन ठेवले आहे, आणि ते दप्तरात पडून राहावे याचे मला दुःख होते. उष्णतेतील घटीची भरपाई म्हणून मिश्रित इंधनाचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, अशी शिफारस तिने स्पष्ट शब्दांत केली होती. प्रत्यक्षात मिश्रण बदलले आणि दर मात्र तोच राहिला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे हा विषय आता शासनाच्या आणि लोकमताच्या हाती उरला आहे.

वाचकांना माझी विनंती दुहेरी आहे. आपल्या गाडीची पुस्तिका कपाटातून काढून तीत लिहिलेला तेलाचा आणि ऑक्टेनचा आकडा वाचावा, आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी तोच आग्रहाने मागावा. आणि पंपावरील प्रत्येक यंत्रावर इथेनॉलचे प्रमाण व ऑक्टेन ठळक मराठी अक्षरांत लिहिले जावे, तसेच दर ठरवताना उष्णतेतील घट वजा केली जावी, ही मागणी आपल्या खासदाराकडे लेखी करावी.